बंद झालेल्या उपाहारगृहाची नोंद कशी करावी

आवडते उपाहारगृह बंद झाल्याचे बहुतेकांना त्याच्या बंद दारासमोर उभे राहिल्यावरच कळते. आज सुटी असेल असे प्रथम वाटते. मग पाटी उतरवलेली दिसते, काचांना आतून वर्तमानपत्रे लावलेली दिसतात, आणि मागच्या खेपेला आपण येथे जेवलो ते शेवटचेच होते हे हळूहळू लक्षात येते. पुढचे काही आठवडे ओळखीच्या लोकांत तो विषय निघत राहतो, तिथली चव पुन्हा कुठे मिळाली नाही असे सगळे म्हणतात, आणि वर्षभरात ते बोलणेही थांबते. त्या वर्षभरात त्या जागेची विश्वासार्ह नोंद कशी करून ठेवता येईल, हे येथे सांगायचे आहे. एकटा माणूस किंवा दोन-तीन मित्र हे काम सुटीच्या दिवशी, फारसा खर्च न करता करू शकतात.

या कामात मी एकच नियम कटाक्षाने पाळतो: विशेषणे शेवटी. ‘अप्रतिम’, ‘घरगुती’, ‘आपुलकीचे’ हे शब्द बंद झालेल्या कोणत्याही जागेला चिकटवता येतात, त्यामुळे त्या एका जागेबद्दल ते काहीच सांगत नाहीत. गल्ल्यामागचे घड्याळ दहा मिनिटे पुढे होते आणि नेहमीची गिऱ्हाइके ते कोणाला दुरुस्त करू देत नव्हती, हे मात्र त्याच जागेबद्दल खरे असते. अशा तपशिलांची दहा पाने जमल्यावर विशेषणांची गरज उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

नियम इतका कडक ठेवण्याचे कारण आपल्या मनःस्थितीत आहे. या हुरहुरीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले होते, आणि परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना जडणारा तो एक आजार आहे अशी त्याची समजूत होती. आज कोणी त्याला आजार मानत नाही. परंतु त्या भरात असलेला माणूस चांगला साक्षीदार नसतो, एवढे खरे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की मन प्रत्येक आठवण दर वेळी नव्याने जुळवते आणि मधल्या रिकाम्या जागा आपल्या अपेक्षेप्रमाणे भरून काढते. मी ज्या हॉटेलात विद्यार्थिदशेतली कित्येक वर्षे घालवली, त्याचा गल्ला दारातून शिरताच डाव्या हाताला होता असे मी शपथेवर सांगितले असते. पुढे एका मित्राकडे सापडलेल्या जुन्या छायाचित्रात तो उजव्या हाताला निघाला.

आधी स्वतःची साक्ष

म्हणून पहिली बैठक एकट्याने करावी, आणि ती कोणाशीही बोलण्यापूर्वी व कोणतेही छायाचित्र पाहण्यापूर्वी करावी. चार मित्र एकत्र बसून आठवू लागले की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सर्वांची होते, आणि नंतर कोणाचे मूळचे काय होते हे वेगळे काढता येत नाही. प्रत्येकाने आपले टिपण लिहून संपवावे, त्यावर दिनांक घालावा, आणि मगच गप्पांना बसावे. दोन टिपणांत विसंगती आढळली तर ती मिटवू नये; दोन्ही ठेवावीत.

टिपणाची सुरुवात वाक्यांनी न करता नकाशाने करावी. कोऱ्या कागदावर दार, गल्ला, टेबले, हात धुण्याची जागा, भटारखान्याकडे जाणारी वाट आणि खिडक्या काढाव्यात. रेषा वाकड्या आल्या तरी चालतात. त्यानंतर मनाने दारातून आत शिरून एकेक पाऊल टाकत लिहावे: दार ढकलायचे होते की ओढायचे, पायरी होती का, आत पाऊल टाकताच आवाज कसला येई, उन्हाची तिरीप कोणत्या वेळी कोणत्या टेबलावर पडे. साक्षीदारांकडून अधिक माहिती मिळावी म्हणून एडवर्ड गायझलमन आणि रोनल्ड फिशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात पोलिसांसाठी मुलाखतीची एक पद्धत तयार केली. तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे: आधी प्रसंगाची जागा आणि परिस्थिती मनात पुन्हा उभी करावी आणि प्रश्न नंतर विचारावेत.

वासांसाठी स्वतंत्र पान ठेवावे. घ्राणेंद्रियाकडून येणारे संकेत भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांपर्यंत इतर इंद्रियांच्या मानाने फार जवळच्या वाटेने पोहोचतात, आणि वासामुळे जाग्या होणाऱ्या आठवणी पुष्कळदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असे संशोधकांना आढळले आहे. म्हणून केवळ पदार्थांच्या वासावर थांबू नये. फरशी पुसण्याचे औषध, ओले फडके, जुने लाकूड, गल्ल्याजवळची उदबत्ती किंवा तंबाखू, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, यांतले जे आठवेल ते लिहावे.

प्रत्येक विधानापुढे ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘वाटते’ यांपैकी एक शब्द घालावा. ही सवय कंटाळवाणी वाटते, पण पुढे सगळ्या नोंदीचा भार तिच्यावरच असतो. टिपणाच्या डोक्यावर त्या काळातले आपले वयही लिहावे. वृद्ध माणसांना आयुष्यातील घटना आठवायला सांगितल्या तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर अधिक येतात, हे मानसशास्त्रात सुस्थापित आहे. तेव्हा त्या उपाहारगृहाची थोरवी किती आणि आपल्या विशीची किती, याचा अंदाज वाचणाऱ्याला बांधता आला पाहिजे.

कागद हाती येतील तेवढे

बंद होण्याची कुणकुण आधी लागली असेल तर टेबल-खुर्च्या निघण्यापूर्वीच मालकांना भेटावे. मोठ्या नावाच्या जागांचे सामान लिलावात जाते. न्यूयॉर्कमधील ‘द फोर सीझन्स’ या उपाहारगृहातील खुर्च्यांपासून भांड्यांपर्यंतच्या वस्तू २०१६ च्या जुलैमध्ये अशाच विकल्या गेल्या. लहान जागांचे सामान मात्र भंगारात जाते आणि कागद रद्दीत. मेन्यू कार्ड, भिंतीवरचा दरफलक, बिलबुके, भटारखान्यात पाठवायच्या चिठ्ठ्या, सुटीची सूचना लिहिलेला पुठ्ठा, यांपैकी काय ठेवू देता, असे सरळ विचारावे. वस्तू मिळाली नाही तरी तिचे छायाचित्र बहुधा काढू देतात. न विचारता उचललेली पाटी घरी छान दिसत असेल, पण त्यानंतर मुलाखत मिळण्याची आशा सोडावी.

मेन्यू कार्डाकडे क्षुल्लक कागद म्हणून पाहू नये. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयासाठी फ्रँक बटॉल्फ या बाईंनी १९०० च्या सुमारास स्वयंसेवक म्हणून मेन्यू कार्डे गोळा करायला सुरुवात केली आणि १९२४ पर्यंत २५,००० हून अधिक कार्डे जमवली. त्याच ग्रंथालयाने २०११ मध्ये लोकांच्या मदतीने त्या संग्रहातला मजकूर उतरवून घेण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्यातून दहा लाखांहून अधिक पदार्थांची नोंद झाली. हवाई बेटांवरच्या मासेमारीची अधिकृत आकडेवारी विसाव्या शतकातल्या ज्या काळासाठी उपलब्ध नव्हती, तो काळ संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्क उपाहारगृहांच्या जुन्या मेन्यू कार्डांवरून भरून काढला; कोणते मासे ताटातून कधी नाहीसे झाले, हे त्या कार्डांवर होते. ती कार्डे पर्यटकांनी आठवण म्हणून घरी नेली होती.

कार्डावर साल छापलेले नसेल तर ते ठरवण्याचे काही मार्ग आहेत. दूरध्वनी क्रमांकातील आकड्यांची संख्या, मुद्रकाचे नाव, खोडून शाईने लिहिलेले किंवा चिठ्ठी चिकटवून बदललेले दर, नंतर वाढवलेले पदार्थ, यांवरून काळाची मर्यादा बांधता येते. खोडलेला दरही वाचून उतरवावा. नव्या दराइतकीच त्याची किंमत आहे. अंदाजाने ठरवलेले साल चौकोनी कंसात, पेन्सिलीने आणि मागच्या बाजूला लिहावे.

छापील बिलांच्या बाबतीत घाई करावी. अलीकडच्या काळातली बहुतेक बिले उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर निघतात. या कागदाला शाई लागत नाही. त्याच्यावरच्या लेपातली रसायने तापली की अक्षर उमटते, आणि ते उजेडाने, उबेने, चिकटपट्टीने किंवा मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्याने पुसट होत जाते. असे बिल लॅमिनेट करायला दिले तर यंत्राच्या उष्णतेने ते संपूर्ण काळे होऊन परत येते. हाती पडताच ते स्कॅन करावे. साध्या मजकुराला ३०० डीपीआय (दर इंचातील ठिपक्यांची संख्या) पुरते, छायाचित्रांना ६०० ठेवावे, आणि मूळ प्रत साध्या कागदी पाकिटात अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावी.

छायाचित्रे शोधताना एक अडचण येते: रोजच्या जागेचे छायाचित्र कोणी मुद्दाम काढत नाही. ती जागा सापडते वाढदिवसाच्या, निरोपसमारंभाच्या, पुनर्भेटीच्या छायाचित्रांत, माणसांच्या खांद्यांमागे. म्हणून ओळखीच्यांना ‘त्या हॉटेलचे फोटो आहेत का’ असे विचारल्यास नकार येतो. ‘त्या हॉटेलात काढलेले तुमचे फोटो आहेत का’ असे विचारावे. दर्शनी भागासाठी गूगल स्ट्रीट व्ह्यू पाहावे. ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली, आणि २०१४ पासून एकाच जागेची जुन्या वर्षांतली दृश्येही त्यात पाहता येतात, अर्थात तो रस्ता त्यांनी टिपला असेल तर. उपाहारगृहाचे संकेतस्थळ असल्यास संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची जुनी पाने सापडण्याची शक्यता असते.

माणसे

कागद कितीही जमले तरी नोंदीचा गाभा माणसांच्या सांगण्यातच असतो, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. ते मालकांना भेटतात आणि थांबतात. मालकांना जागेचा इतिहास ठाऊक असतो. उद्घाटन कोणत्या साली झाले, भाडेपट्टा कसा मिळाला, कोण नामवंत जेवून गेले, हे ते सांगतात. परंतु ती जागा दिवसभर चालायची कशी, हे आचारी, वाढपी, भांडी घासणारे, भाजी आणून देणारे आणि रात्री फरशी धुणारे सांगू शकतात. त्यांना आजवर कोणी काही विचारलेले नसते. माझ्या मते ज्या नोंदीत एकाही कामगाराचे बोलणे नाही, ती गिऱ्हाइकांनी एकमेकांसाठी लिहिलेली आठवणवही होय.

त्यांच्याशी बोलताना प्रश्न कामाचे असावेत. ‘तुम्हाला त्या जागेबद्दल काय वाटते?’ या प्रश्नाला ‘फार चांगले दिवस होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी सकाळी कुलूप कोण उघडायचे आणि किती वाजता, पहिली शेगडी कोणती पेटायची, गर्दीच्या वेळी ऑर्डर ओरडून सांगायची पद्धत काय होती, ठरावीक गिऱ्हाइकांना कोणती टोपणनावे होती, उरलेल्या अन्नाचे काय व्हायचे, उधारी कुठे लिहून ठेवत, भांडण झाले तर कोण मध्ये पडे, हे विचारावे. अशा प्रश्नांना माणूस बोलू लागतो आणि दहाव्या मिनिटाला, न विचारता, भावनेचेही सांगून जातो. भटारखान्यातली बोली, हाका आणि संक्षेप जसेच्या तसे लिहून घ्यावेत. ते कोणत्याही कागदावर नसतात.

सोबत छायाचित्र किंवा आपण काढलेला नकाशा न्यावा. जॉन कोलियर या अमेरिकी संशोधकाने १९५७ मध्ये छायाचित्रे समोर ठेवून घेतलेल्या आणि नुसत्या प्रश्नांवर चालवलेल्या मुलाखतींची तुलना केली, तेव्हा छायाचित्रांमुळे उत्तरे अधिक नेमकी येतात असे त्याला दिसले. नकाशाचा उपयोग त्याहून अधिक होतो असे मी म्हणेन, कारण तो चुकीचा असतो. चूक दिसली की समोरचा माणूस पेन्सिल हातात घेतो.

ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरेसा आहे. तो टेबलावर मऊ कापडावर ठेवावा, पंखा शक्य असल्यास बंद करावा, आणि सुरुवातीला दिनांक, स्थळ व दोघांची नावे बोलून घ्यावीत. बैठक दीड तासापुढे लांबवू नये. दुसऱ्यांदा जाणे बरे. मुद्रण करण्यापूर्वी आणि संपल्यावर अशी दोनदा परवानगी विचारावी, कारण आपण काय काय बोललो हे माणसाला शेवटीच कळते. नाव द्यायचे की नाही, कोणता भाग गाळायचा, हे त्यांनी ठरवावे. पगार, थकबाकी, भागीदारांतली फूट असे विषय निघतात. ते ऐकावेत, पण लेखी संमतीशिवाय छापू नयेत.

चव

चवीची नोंद सर्वांत अवघड असते. स्पेनमधील ‘एल बुली’ हे उपाहारगृह ३० जुलै २०११ रोजी बंद झाले, तोवर तिथे तयार झालेल्या १,८४६ पदार्थांची पद्धतशीर सूची झालेली होती, आणि पुढे त्याच जागी उभ्या राहिलेल्या संग्रहालयाच्या नावात तो आकडा घेतला गेला. लहान जागेत अशी सूची नसते. कृती आचाऱ्याच्या हातात असते. ‘अंदाजाने घालतो’ हे उत्तर प्रामाणिक असते, टाळाटाळ नव्हे. म्हणून कृती विचारण्यापेक्षा त्यांना एकदा करून दाखवायची विनंती करावी आणि प्रत्येक मूठ, प्रत्येक पळी भांड्यात पडण्यापूर्वी वजनकाट्यावर घ्यावी. वेळ घड्याळावर मोजावा, आणि आच कधी वाढवली वा कमी केली तेही लिहावे.

तरीही घरी तीच चव येत नाही, आणि त्याची कारणे गूढ नाहीत. उपाहारगृहातली शेगडी घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी प्रखर असते. पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे गेला की तो झपाट्याने तांबूस होऊ लागतो आणि खमंगपणा येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेली ही प्रक्रिया. मंद आचेवर भरलेल्या भांड्यात सुटलेले पाणी निघून जात नाही, आणि पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. म्हणून घरी थोडे थोडे करावे आणि भांडे आधी चांगले तापवावे. दुसरे कारण प्रमाणाचे. पन्नास माणसांचे पातेले तासन्‌तास शिजते आणि हळू निवते. चार माणसांचे तसे होत नाही, त्यामुळे कृती सरळ भागून घेतली तर मीठ, पाणी आणि वेळ तिन्ही चुकतात. तळणीचे तेल अगदी कोरे असणे आणि थोडे वापरलेले असणे यांतही रंगाचा फरक पडतो. पाण्यातल्या क्षारांमुळे कडधान्ये शिजण्यास कमी-अधिक वेळ लागतो. हे सगळे जुळवले तरी बसायची जागा, भूक आणि सोबत जुळवता येत नाही, आणि त्यांचा चवीतला वाटा किती हे मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही.

चव जुळली का हे स्वतः ठरवू नये. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना वेगवेगळे बोलावून खायला द्यावे आणि बोलण्याआधी लिहून घ्यावे. कुटुंबातले कोणी तोच पदार्थ अन्यत्र विकत असतील, किंवा कृती सांगायची त्यांची इच्छा नसेल, तर नोंदीत तेवढेच लिहून पुढे जावे.

का बंद झाले

हा भाग छोटा ठेवावा. भाडेपट्टा संपला, आचारी थकले, मुलांनी दुसरा व्यवसाय निवडला, भागीदार वेगळे झाले, रस्ता रुंद झाला, अशी कारणे असतात आणि बहुधा एकाहून अधिक असतात. ज्याने सांगितले त्याच्या नावावर ते कारण लिहावे आणि आपला निवाडा देऊ नये. मुलांनी धंदा पुढे चालवला नाही म्हणून त्यांना दोष देणाऱ्यांनी पहाटे चारला उठून शेगडी पेटवण्याचे वर्षभराचे वेळापत्रक आधी वाचावे. उणिवाही लिहाव्यात: कोणत्या दिवशी अन्न बरे नसे, स्वच्छता कुठे ढिली होती, कोणाला आत सहज बसवत आणि कोणाला नाही. शेवटची वर्षे बिनसलेली असतील तर तसे लिहावे. त्या काळात आपणही जाणे कमी केले होते, हे बहुतेकांना तेव्हा आठवते.

प्रती कुठे ठेवाव्यात

संगणकावरील सामग्रीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, एवढी काळजी पुरते. फाइलच्या नावात दिनांक आणि विषय असावा. मजकुराची एक छापील प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावी आणि ती स्थानिक इतिहासाच्या कपाटात ठेवाल का असे विचारावे.

पहिली प्रत मात्र त्या जागेत काम केलेल्यांकडे जावी, आणि तिच्या प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी सोडावी. माझ्या त्या हॉटेलच्या नोंदीत मी छायाचित्राच्या भरवशावर गल्ला उजवीकडे दाखवला होता. प्रत परत आली तेव्हा तिथल्या जुन्या वाढप्याने कोऱ्या भागात दोन ओळी लिहिल्या होत्या: गल्ला डावीकडेच होता, फोटो उलटा छापला आहे, शेठच्या शर्टाची बटणे बघा. बटणे खरोखरच चुकीच्या बाजूला होती. निगेटिव्ह उलटी लावून ती प्रत काढलेली होती, आणि चौकटीत एकही अक्षर नसल्याने माझ्या ते लक्षात आले नव्हते. आता कोणतेही जुने छायाचित्र हाती आले की मी आधी त्यातल्या शर्टांची बटणे पाहतो.